चाकाची धाव

रस्ता या शब्दाला शहापूर-मुरबाडकडे दोन अर्थ आहेत. गावाला येतो तो एक रस्ता आणि गावावरून जातो तो दुसरा. पहिल्यावरून एस.टी. येते, पोस्टमन येतो, माहेरवाशीण येते, लग्नाचा टेम्पो येतो. दुसऱ्यावरून मुंबई नाशिकला जाते, नाशिक मुंबईला येते आणि मधल्या गावांना टायरचा आवाज तेवढा ऐकू येतो. पहिला रस्ता व्हावा म्हणून पंचायतीत अर्ज करावे लागतात, मोर्चे न्यावे लागतात, निवडणुकीची वाट पाहावी लागते. दुसरा न मागता येतो.

आणि आता तो एकटा येत नाही, त्याची भावंडेही निघाली आहेत. ठाणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून कुणी गेल्या दहा वर्षांत आखलेले आणि बांधलेले मोठे रस्ते लाल पेन्सिलीने ओढले, तर आपल्या या दोन तालुक्यांभोवती काय तयार होते आहे ते चटकन ध्यानात येते. ते काय आहे हे सांगायला मला बैलगाडीच्या चाकाची मदत घ्यावी लागेल. ज्यांच्या घरात अजून एखादे चाक अंगणात टेकून उभे आहे, त्यांना ते लगेच कळेल. ज्यांनी ते फक्त रिसॉर्टच्या फाटकावर पाहिले आहे, त्यांनी थोडा धीर धरावा.

आरे होते, धाव नव्हती

चाकाच्या मधोमध असतो तो तुंबा. त्यातून बाहेर निघतात ते आरे. आऱ्यांची टोके लाकडी पाट्यांत बसवतात, आणि त्या सगळ्याभोवती लोखंडाचा पट्टा आवळतात. त्या पट्ट्याला म्हणतात धाव. आमच्या भागातले रस्ते शतकानुशतके आऱ्यांसारखे होते. मध्ये कल्याण-सोपाऱ्यासारखी बंदरे, नंतर मुंबई, आणि तिथून सह्याद्रीकडे निघालेल्या वाटा.

त्यांतली सर्वांत जुनी वाट मुरबाड तालुक्यात आहे. वैशाखऱ्याजवळून वर चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदराला जुन्नरच्या बाजारपेठेशी जोडत होता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी त्यात कोरलेली आहे. लेण्यापलीकडे दगडाचा एक मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आज गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीतून टोल आपोआप वळता होतो. रांजण बदलला, घाट चढणाऱ्याने पैसे मोजायचे, ही रीत दोन हजार वर्षे तशीच आहे.

दुसरा आरा थळघाटाचा, म्हणजे कसाऱ्याचा. इंग्रजांच्या आमदानीत मुंबई-आग्रा रस्ता इथून गेला आणि त्याच्या सोबतीने रेल्वेही. कल्याणहून वासिंदपर्यंत रेल्वे १८५५ साली पोहोचली. थळघाट ओलांडून इगतपुरीला जायला तिला १८६५ साल उजाडले. शहापूर गाव रुळांपासून जरा बाजूला राहिले आणि आसनगाव त्याचे स्टेशन झाले. तिसरा आरा कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाने नगरकडे जातो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण रस्त्याला लोक अजून नगर रोडच म्हणतात. मुरबाडला रेल्वे अद्याप आलेली नाही. तिच्याविषयी ऐकत मुलांचे आजोबा झाले.

हे आरे सगळे तुंब्याकडे धावणारे. त्यामुळे शहापूरच्या माणसाला मुरबाडला जायचे तर सोयीचा प्रवास म्हणजे आधी आसनगावहून लोकलने कल्याण, मग कल्याणहून एस.टी.ने मुरबाड, असा होता. नकाशावर शेजारी असलेले दोन तालुके प्रत्यक्षात कल्याणच्या डेपोत एकमेकांना भेटत. किन्हवलीवरून जाणारा रस्ता होता, पण तो ज्याची स्वतःची गाडी होती किंवा ज्याला वेळेची घाई नव्हती त्याचा.

आता पहिल्यांदाच चाकाला धाव चढते आहे. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, त्याचा क्रमांक ५४८ अ. म्हसा गाव याच बाजूला. तिथल्या पौष पौर्णिमेच्या जत्रेला बैलांच्या आणि घोंगड्यांच्या खरेदीसाठी माणसे कुठून कुठून येतात. एके काळी जत्रेच्या दिवसांत ज्या वाटेवर धूळ उडे, तिथून आता नाशिककडचा ट्रक मुंबईत न शिरता पुणे-कोकणाकडे उतरू शकतो. त्याच्या आतल्या अंगाला, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतून वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचे काम चालले आहे. बदलापूरजवळ माथेरानच्या डोंगररांगेखालून त्याचा चार किलोमीटरहून लांब बोगदा आहे. त्याच पट्ट्यात विरार-अलिबाग मार्गिका आखली आहे, सुमारे १२६ किलोमीटरची. पश्चिमेला समुद्र असल्यामुळे मुंबईला पूर्ण वर्तुळ मिळणे शक्य नाही. जे मिळते आहे ते अर्धे चाक. पण त्या अर्ध्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर आपण आहोत.

अमेरिकेतला कमरपट्टा

शहराभोवती महामार्गाचे कडे घालण्याची ही कल्पना आपली नाही. ती मोठ्या प्रमाणावर राबवली अमेरिकेने. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ च्या जूनमध्ये महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१ हजार मैल, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटर रस्त्यांचे जाळे विणायचे ठरले, आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारने उचलला. दहातले नऊ रुपये दुसरा देतो म्हटल्यावर रस्ता नको म्हणणारे शहर सापडणे कठीणच होते.

त्यांची क्रमांकांची पद्धत मोठी सुबक आहे. मुख्य महामार्गाचा क्रमांक एक किंवा दोन आकडी. त्याच्यातून फुटणाऱ्या शाखेला तीन आकडी क्रमांक. त्यातला पहिला आकडा सम असेल, तर सहसा समजावे की हा रस्ता शहराला वळसा घालून पुन्हा महामार्गाला मिळतो; विषम असेल, तर तो कुठे तरी जाऊन संपतो. इंडियानापोलिस या शहराभोवतीचा ४६५ क्रमांकाचा वळसा सुमारे ८५ किलोमीटरचा आहे. अशा वळशाला ते लोक कमरपट्टा म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले-सुना आज अशाच कुठल्या तरी कमरपट्ट्याच्या बाहेर, तीन खोल्या आणि हिरवळ असलेल्या घरात राहतात, आणि फोनवर आई-वडिलांना सांगतात, ‘इथे सगळं वीस मिनिटांवर आहे.’ गाडी असेल तर सगळे वीस मिनिटांवर असते, हे त्या वाक्यात गृहीत धरलेले असते.

वळसा शहराच्या बाहेरून गेला तर त्याचे एक फळ, आणि तो शहराच्या आतच आवळला तर वेगळे. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. कोडॅक कॅमेऱ्याचे हे जन्मगाव. तिथे १९५० च्या दशकात मध्यवस्तीभोवती महामार्गाचे एक कडे खोदायला घेतले. ते १९६५ पर्यंत पुरे झाले. रस्ता जमिनीच्या पातळीखाली, खंदकासारखा. किल्ल्याला खंदक असतो तो शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी. इथे खंदकाने शेजारच्या वस्त्याच मध्यवस्तीपासून तोडल्या. घरे पाडली गेली, चालत बाजारात येणारे लोक खंदकाच्या पलीकडे राहिले, आणि ज्यांना परवडत होते ते त्याच वेगवान रस्त्यांवरून लांबच्या उपनगरांत राहायला गेले. १९५० साली या शहराची लोकसंख्या ३ लाख ३२ हजार होती. २०२० साली ती २ लाख ११ हजार भरली. हे सगळे एका रस्त्यामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल; कारखाने बसले, हेही खरे. पण त्या शहराने स्वतः जो निर्णय घेतला तो बोलका आहे. २०१४ ते २०१७ या काळात त्यांनी या कड्याचा पूर्वेकडचा भाग चक्क मातीने भरून काढला. वर साधा रस्ता केला, पदपथ केले, घरे बांधली. पन्नास वर्षे वापरलेला महामार्ग त्यांनी बुजवला.

हे वाचून कुणी म्हणेल, की आमच्याकडे अजून रस्ता धड व्हायचा आहे आणि हे गृहस्थ बुजवायच्या गोष्टी सांगतात. तसे नाही. खंदक खोदण्याआधी पलीकडे कोण राहते ते विचारावे, एवढेच रॉचेस्टरकडून शिकण्यासारखे आहे.

दिसतो, पण चढता येत नाही

आपल्याकडचा सर्वांत मोठा नवा रस्ता म्हणजे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. लांबी ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून आणि ३९२ गावांतून गेलेला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून येतो. सर्वांत अवघड काम याच टप्प्यात होते. इगतपुरीजवळ डोंगराखालून जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढला आहे. कसारा घाटात ट्रक बंद पडला की रात्र रस्त्यावर काढणाऱ्यांना या बोगद्याचे मोल सांगायला नको. माणूस आता दहा मिनिटांच्या आत डोंगराच्या पलीकडे जातो.

या कामाची किंमत पैशांत सांगतात. ती माणसांतही सांगितली पाहिजे. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ पुलाचे गर्डर चढवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. त्यांतले बहुतेक परराज्यांतून कामाला आलेले. त्या पुलावरून भरधाव जाताना त्यांची आठवण कुणाला होणार? पण आपल्या तालुक्याच्या मातीत त्यांचा शेवट झाला आहे, एवढे आपण तरी विसरू नये.

हा महामार्ग बंदिस्त आहे. कुंपण घातलेला, ठरावीक जागीच चढता-उतरता येणारा. शहापूर तालुक्यात ती जागा खुटघरला आहे. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना या रस्त्यावर मज्जाव. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. १२० च्या वेगाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर नको. पण याचा साधा अर्थ असा, की ज्याची जमीन रस्त्याखाली गेली आणि ज्याच्या दारात एक मोटारसायकल आहे, त्याला आपल्याच पूर्वीच्या खाचरावरून जायची परवानगी नाही. त्याची पूर्वीची वाट कुंपणापाशी संपते, आणि पलीकडच्या उरलेल्या तुकड्यात आवण टाकायला त्याला भुयारी मार्ग असेल तिथपर्यंत वळसा घालून जावे लागते. वळसा महामार्गाने घातला असे इंजिनीअर म्हणतात. शेतकरी म्हणतो, वळसा मी घालतो.

फायदा काहीच नाही असेही कुणी म्हणू नये. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते, हे मुंबईतल्या अनेकांना माहीत नाही. सकाळी तोडलेली भेंडी संध्याकाळच्या आत वाशीला किंवा विमानतळावर पोहोचली तरच तिला भाव. कोवळी भेंडी घाटातल्या ट्रकांच्या रांगेची वाट पाहत नाही. जुन्या महामार्गावरचा लांब पल्ल्याच्या वाहनांचा भार हलका झाला, तर अडलेल्या बाळंतिणीला शहापुराहून ठाण्याला नेणारी रुग्णवाहिकाही लवकर पोहोचेल. हे लाभ खरे आहेत. प्रश्न एवढाच, की ते आपोआप होतील असे समजायचे, की मागून घ्यायचे.

पैसा आला त्याचे काय झाले

या विषयावर लिहायला मी बसलो त्याचे खरे कारण पुढचे आहे. माझी नोकरी बँकेत झाली, आणि तिची शेवटची काही वर्षे याच बाजूच्या शाखांत गेली. रस्त्याखाली जाणारी जमीन मी शेतात फारशी पाहिली नाही. मी ती पासबुकात पाहिली.

२०१६ साली या महामार्गासाठी आधी जमिनी एकत्रित करून विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली होती. तिला अनेक गावांत विरोध झाला, शहापूर तालुक्यातही झाला. मग थेट खरेदीचा मार्ग निघाला, रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला. विरोध विरघळत गेला. ज्या खात्यात कधी पाच आकडी रक्कम राहिली नव्हती, तिथे सात-आठ आकडी रकमा जमा झाल्या. काऊंटरवर पासबुक छापून दिले की माणूस बाजूला जाऊन बोटाने एकेक शून्य मोजायचा.

एक म्हातारे गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, ‘साहेब, याचं वर्षाला भात किती होईल?’ मी त्यांना व्याजाचा दर सांगू लागलो. ते म्हणाले, ‘टक्के नको. भात सांगा.’ मी कागदावर आकडेमोड केली. दहा लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार. आजच्या भावाने त्यात घरची बेगमी होईल. पण पुढे? भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट होतात. तेव्हा सत्तर हजारांत आजच्या निम्मेच भात येईल. शेताचे तसे नसते. चौदा वर्षांनी खाचरात भात तेवढेच पिकते, आणि त्याचा भाव वाढलेला असतो. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. ‘म्हणजे व्याज सगळं खायचं नाही,’ एवढेच बोलले. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचून मला जे इतक्या थोडक्यात सांगता आले नसते, ते त्यांनी सांगितले.

सगळेच इतके सावध नव्हते. कुणी तीन मजली घर बांधले. त्यात राहायला माणसे दोन. कुणी मुलाला डंपर घेऊन दिला. महामार्गाचे काम होते तोवर डंपर चालला, काम संपले आणि हप्ते उरले. कुणी दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागला. पण ज्यांनी पलीकडच्या गावात दोन एकर घेतली, विहीर काढली, मुलीला नर्सिंगला घातले, अशीही घरे मी पाहिली. ती थोडी नाहीत. रस्त्याने मिळालेला पैसा वाईट असतो असे मुळीच नाही. मात्र जमीन गेलेल्या घरात शहाणपणाला वेळ फार थोडा मिळतो. पैसे येण्याआधी कुणी समजावून सांगत नाही, आणि आल्यानंतर समजावणाऱ्यांची रांग लागते.

या पैशाने आणखी एक गोष्ट केली, जी कुठल्याही अहवालात येत नाही. तिने भावाबहिणींना समोरासमोर आणले. सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागलेली असत, पण त्यांचे अस्तित्व कुणाला जाणवत नसे. बहीण भाऊबीजेला येई, साडी घेऊन जाई. जमिनीला किंमत आली आणि एकदम तिच्या सहीला किंमत आली. हक्कसोड पत्र घेऊन भाऊ तिच्या दारात उभा राहिला. कायदा तिच्या बाजूने स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित सगळ्यांना मिळाला. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात नसले तरी. पण कायदा दिवाणी कोर्टात असतो आणि माहेर मनात. ‘सही केली नाही तर माहेर तुटेल’ या एका भीतीपायी किती जणींनी अंगठे उमटवले असतील! आणि वाटा मागितला म्हणून किती जणींची भाऊबीज बंद झाली असेल! सगळ्या बहिणींना बोलावून, पंगतीला बसवून, प्रत्येकीच्या खात्यात वाटा जमा करणारे भाऊही मला भेटले. त्यांच्या घरी अजून सण होतात.

ज्यांच्या हाती काहीच पडले नाही, त्यांची गोष्ट तर आणखी निराळी. कातकरी, ठाकूर समाजातली कितीतरी कुटुंबे दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात, गुरचरणाच्या कडेला झोपडी घालतात, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पहिल्यांदा मान्य केले, की जमिनीवर नाव नसले तरी तिच्यावर पोट असणारा माणूसही बाधित असतो. थेट खरेदी मात्र दोघांमधला व्यवहार. विकणारा आणि घेणारा. तिसऱ्याला त्यात खुर्ची नसते. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याची वाट मोडली तर भरपाई कोण देणार?

पाणी आधी गेले

महामार्गाच्या बाबतीत हे जे घडते आहे ते आम्हाला नवीन नाही, कारण पाण्याच्या बाबतीत ते सव्वाशे वर्षांपूर्वीच घडले. मुंबईसाठी तानसा धरण झाले १८९२ साली, शहापूर तालुक्यात. पुढे भातसा झाले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत सर्वांत मोठा वाटा आज भातसाचा आहे. मोठमोठे नळ याच तालुक्यातून मुंबईकडे गेले आहेत. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बाया हंडे घेऊन त्याच्यामागे धावतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे लोक कपाळाला हात लावून म्हणतात.

नळाला जशी गावात तोटी नव्हती, तसाच बंदिस्त महामार्ग. वाहून नेणारा प्रत्येक मार्ग दोन टोकांच्या सोयीने आखला जातो. मधल्यांनी तोटी मागितली नाही, तर त्यांना मिळत नाही. पाण्याच्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांना मागायचे कसे ते ठाऊक नव्हते, राज्य परक्याचे होते. आता तशी सबब उरलेली नाही.

दरम्यान धावेच्या आतबाहेर दुसरीच गडबड सुरू आहे. शहापूर-मुरबाड रस्त्याने गेलात तर दर थोड्या अंतरावर बिनशेती भूखंडांचे फलक दिसतील. डोंगराचा देखावा, नदीकाठ, स्टेशनपासून इतकी मिनिटे. शहरातल्या माणसाला चार झाडांत एक घर असावेसे वाटते यात गैर काही नाही. मी स्वतः शहरी आहे, मला ती ओढ कळते. पण भूखंडाला पहिल्यांदा घालतात ते कुंपण, आणि कुंपणात अडकते ती पाणवठ्याची पायवाट. कुठल्याही नकाशावर नसलेली, पण पाड्यावरच्या सगळ्या बायांच्या पायांना पाठ असलेली. या रविवारी जागा पाहायला निघालेल्या वाचकांनी एजंटाला दराबरोबर हेही विचारावे, की इथून कुणाची वाट जाते? आणि जात असेल तर कुंपण दोन हात मागे घ्यावे. एवढ्याने त्यांच्या बंगल्याची शोभा उणावणार नाही.

आधी लाकूड मोजावे

पुढची कामे यायची आहेत. धाव अजून पुरी बसलेली नाही. म्हणून काही गोष्टी आत्ताच मागायला हव्यात. जिथे गुरांची वाट आहे, शाळेची वाट आहे, स्मशानाची वाट आहे, तिथे भुयारी मार्ग आधी आखावा आणि त्यात पावसाळ्यात कंबरभर पाणी साचणार नाही एवढी उंची-उतार ठेवावा. महामार्गाच्या दोन्ही अंगांना सेवारस्ता असावा, म्हणजे दुचाकीवाला आणि ट्रॅक्टरवाला परका होणार नाही. खुटघरसारख्या चढण्या-उतरण्याच्या जागी परगावच्या गोदामांआधी भेंडी-काकडीसाठी शीतघर आणि शेतकऱ्यांचा ओटा व्हावा. मोबदल्याचा धनादेश निघण्याआधी त्या गावात बँकेच्या, महसुलाच्या माणसांनी एक दिवस बसून ठेव, नामनिर्देशन, संयुक्त खाते, बहिणींचे हक्क हे सगळे मराठीत, भाताच्या हिशेबात समजावून सांगावे. आणि घराघरांत नवरा-बायकोच्या संयुक्त नावाशिवाय ही रक्कम ठेवायची नाही असा निश्चय व्हावा. बायकोची सही लागणार असली की डंपर घेण्याआधी एक रात्र तरी विचार होतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

जुन्या काळी लोहार चाकाला धाव चढवत असे, त्याची एक रीत होती. आधी तो लाकडी चाकाचा घेर नीट मोजायचा. मग त्याहून किंचित कमी घेराची लोखंडी पट्टी जोडायची, ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर बसवायची, आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसून लाकडाला घट्ट धरायचे. पट्टी सैल राहिली तर ती माळावर निघून पडे. फार आवळली तर आरे तडकत. सगळे कसब मोजण्यात होते, आणि लोहार लोखंड तोडण्याआधी लाकूड मोजत असे.

शहापूर-मुरबाडच्या लाकडाचे माप अजून घेता येईल. त्यासाठी ग्रामसभेला जावे लागेल, नकाशा मागून पाहावा लागेल, आपली वाट त्यावर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे लागेल. पुढच्या मोजणीचे लोक खुंट्या घेऊन येतील, तेव्हा त्यांना चहा जरूर द्यावा. पण आधी ती वाट दाखवावी.